वसईचा तह आणि आयर्लंडची धर्ममुक्ति
मार्क्विस वेलस्ली व त्याचें घराणें

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें, देवानें केलेल्या उपकारांची गणना करावी, आणि ज्या मार्गानें आपण येथवर आलों तो मार्ग एकदां डोळ्यांखालून घालावा, अशी आपल्यांत चाल आहे. देवळाची घंटा वाजते, मिस्सा होते, मुलांना धर्मप्रश्नोत्तरी शिकविली जाते; हें सर्व आपणांस इतकें सहज वाटतें कीं, या साध्या गोष्टींची मोकळीक एके काळीं कित्येक देशांत राजसत्तेपाशीं मागावी लागत असे, याचा विसर पडतो. आयर्लंडांतील आपल्या धर्मबंधूंस ती मोकळीक व तिजबरोबर नागरिक म्हणून बरोबरीचा हक्क मिळविण्यास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ झगडावें लागलें. त्या झगड्यांत ज्या थोड्या उमरावांनीं कॅथलिकांचा पक्ष घेतला, त्यांत एक नांव मराठी वाचकास मुळींच परकें नाहीं. उलट तें ऐकतांच त्याच्या मनांत प्रथम अप्रीतीच उत्पन्न व्हावी. तें नांव रिचर्ड, मार्क्विस वेलस्ली याचें होय.

ज्याच्या कारकीर्दींत ता. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसई येथें पेशव्यानें आपलें स्वातंत्र्य कागदावर लिहून दिलें, तोच हा वेलस्ली. आणि ज्यानें पुढें आयर्लंडच्या कॅथलिकांस पार्लमेंटाचें दार उघडावें म्हणून अनेक वर्षें वाद घातला, तोही हाच. एकाच पुरुषाचीं हीं दोन रूपें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं, आणि त्यांतून काय बोध घेण्यासारखा आहे याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

घराणें

वेलस्लीचें घराणें मूळचें कॉली या आडनांवाचें. सोळाव्या शतकांत तें इंग्लंडांतून आयर्लंडांत आलें आणि तेथें जमीनजुमला व सरकारी अधिकार मिळवून स्थिर झालें. धर्मानें तें प्रॉटेस्टंट होतें. १७२८ मध्यें या घराण्यांतील रिचर्ड कॉली यास गॅरेट वेस्ली नांवाच्या आप्ताची मोठी मिळकत वारसानें मिळाली, तेव्हां त्यानें वेस्ली हें आडनांव घेतलें. पुढें त्याच्या नातवंडांनीं त्याचेंच ‘वेलस्ली’ हें जुनें रूप प्रचारांत आणिलें. या रिचर्ड कॉलीचा पुत्र, दुसरा गॅरेट वेस्ली, हा संगीताचा मोठा व्यासंगी होता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत १७६४ मध्यें संगीताचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. १७६० मध्यें त्यास अर्ल ऑफ मॉर्निंग्टन हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षीं ता. २० जून रोजीं त्यास पहिला पुत्र झाला. तोच आपला चरित्रनायक रिचर्ड.

मीथ परगण्यांत ट्रिम गांवाजवळ डांगन येथें या घराण्याचा वाडा होता. ट्रिमवरून बॉइन नदी वाहते. याच नदीच्या कांठीं, कांहीं कोस खालीं, १६९० मध्यें कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचा तिसऱ्या विल्यमनें पराभव केला होता. त्या पराभवानंतर आयर्लंडांत जे दंडक कायदे झाले, त्यांची कल्पना वाचकांस असावी म्हणून दोन शब्द लिहितों. कॅथलिकानें जमीन विकत घेऊं नये. पांच पौंडांहून अधिक किंमतीचा घोडा बाळगूं नये. शाळा चालवूं नये. थोरल्या मुलानें सरकारी पंथ स्वीकारिला तर बापाची मिळकत त्याच्या हातीं जावी. असे ते कायदे होते. पार्लमेंटांत बसावयाचें तर मिस्साबलि आणि पवित्र मरिया व संत यांची विनवणी हें सर्व मूर्तिपूजेचें कृत्य आहे, असें शपथपूर्वक सांगावें लागे. अर्थात् कोणताही प्रामाणिक कॅथलिक तेथें पाऊल टाकूं शकत नसे. देशांतील बहुसंख्य लोक कॅथलिक, आणि राज्य मात्र मूठभर प्रॉटेस्टंट जमीनदारांचें, अशी ती स्थिति होती. रिचर्ड वेलस्ली जन्मला तो या मूठभरांच्या घरांत.

हॅरो, ईटन व ऑक्सफर्ड येथें त्याचें शिक्षण झालें. लॅटिन भाषेंत त्याची गति विलक्षण होती, आणि त्या भाषेंत कविता रचण्याचा छंद त्यानें म्हातारपणापर्यंत सोडिला नाहीं. १७८१ मध्यें बाप वारला, तेव्हां पदवी न घेतांच त्यास घरीं परतावें लागलें. वारशांत किताबाबरोबर कर्जही आलें. वय अवघें एकवीस. माथ्यावर विधवा आई आणि धाकटीं भावंडें. त्यानें बापाचीं देणीं आपल्या अंगावर घेतलीं आणि भावांचीं शिक्षणें व नेमणुका यांचा भार वाहिला. या भावंडांपैकीं विल्यम पुढें मंत्री झाला, जेराल्ड प्रॉटेस्टंट पंथाचा धर्मोपदेशक झाला, हेन्री राजदूत म्हणून नांवाजला, आणि ज्यास घरांत कोणी फारसें हुशार समजत नसे तो आर्थर ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला. एका पिढींतील चार सख्खे भाऊ इंग्लंडच्या उमरावसभेंत बसले, असें उदाहरण विरळाच.

रिचर्ड प्रथम आयर्लंडच्या पार्लमेंटांत बसे. १७८३ मध्यें सेंट पॅट्रिक याच्या नांवानें जो सरदारवर्ग स्थापन झाला, त्याच्या आरंभींच्या मानकऱ्यांत त्याचें नांव आहे. परंतु त्याची महत्त्वाकांक्षा डब्लिनमध्यें मावणारी नव्हती. १७८४ मध्यें तो इंग्लंडच्या कॉमन्स सभेंत निवडून आला, मुख्य प्रधान पिट याच्या मर्जींत बसला, आणि हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा सभासद झाला.

त्याच्या गृहस्थाश्रमाची कथा मात्र दुःखाची आहे. हायसिंथ गॅब्रिएल रोलां नांवाच्या एका फ्रेंच नटीशीं त्याचा संबंध जडला. तिला त्याच्यापासून तीन पुत्र व दोन कन्या झाल्या, आणि त्यानंतर नोव्हेंबर १७९४ मध्यें त्यांचा विवाह झाला. तत्कालीन इंग्रजी कायद्यानें हा उशिराचा विवाह मुलांना औरस ठरवूं शकत नव्हता. बापाच्या चुकीचें ओझें मुलांच्या खांद्यावर पडलें. त्यांतील एकासही किताबाचा वारसा मिळाला नाहीं. बायको हिंदुस्थानांत येण्यास कबूल झाली नाहीं; परतल्यावर थोड्याच वर्षांनीं, १८१० मध्यें, दोघें विभक्त झालीं आणि १८१६ मध्यें ती वारली.

हिंदुस्थानांतील सात वर्षें

१७९८ मध्यें वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला. आर्थर आधींच पलटणीबरोबर येथें पोंचला होता, आणि हेन्री खासगी चिटणीस म्हणून सोबत आला. त्या वेळीं फ्रेंच राज्यक्रांतीचें वादळ यूरोपभर चाललें होतें. हिंदी राजांच्या दरबारीं फ्रेंच सेनापति दिसले कीं, वेलस्लीस इंग्रजी राज्याचा नाश दिसूं लागे. या भीतीस त्याच्या स्वतःच्या महत्त्वाकांक्षेची जोड मिळाली आणि ‘तैनाती फौजे’चें धोरण सुरू झालें. राजानें इंग्रजी पलटणी आपल्या मुलुखांत ठेवाव्या, त्यांच्या खर्चासाठीं प्रांत तोडून द्यावा, आणि परराज्याशीं कंपनीच्या सल्ल्याखेरीज बोलणें करूं नये, असें त्या धोरणाचें सार. निजाम १७९८ मध्यें या जाळ्यांत आला. ता. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडलें आणि टिपू सुलतान लढतां लढतां मरण पावला. त्याच वर्षीं फ्रेंचांच्या धास्तीनें वेलस्लीनें गोव्यांतही इंग्रजी फौज नेऊन ठेविली. आग्वाद, काबो वगैरे ठिकाणीं ती पुढें कित्येक वर्षें राहिली.

श्रीरंगपट्टणच्या विजयाबद्दल त्यास मार्क्विस ही पदवी मिळाली, पण ती आयर्लंडच्या उमरावांपैकीं. त्यास इंग्लंडची पदवी हवी होती. या बक्षिसास त्यानें रागानें सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेला बटाटा म्हटलें. ज्या भूमींत आपण जन्मलों तिच्या नांवाची पदवी त्यास हलकी वाटावी, यावरून त्या वेळच्या आयरिश उमरावांच्या मनाची घडण कळून येते. हाच मनुष्य पुढें त्याच भूमीच्या दीन लोकांची बाजू घेईल, असें तेव्हां कोणास वाटलें असतें?

कलकत्त्याचा भव्य राजवाडा त्यानेंच बांधविला, वर्तमानपत्रांवर तपासणीचा निर्बंध घातला, आणि १८०० मध्यें तरुण इंग्रज अधिकाऱ्यांस देशी भाषा शिकविण्यासाठीं फोर्ट विल्यम कॉलेज काढिलें. या शेवटच्या गोष्टीपासून आपल्या मायबोलीचा एक लाभ झाला. बॅप्टिस्ट पंथाचा मिशनरी विल्यम केरी हा त्या कॉलेजांत बंगाली व संस्कृत शिकवी. पुढें त्याजकडे मराठीही आली. वैजनाथ पंडिताच्या साह्यानें त्यानें मराठीचें व्याकरण तयार करून १८०५ मध्यें श्रीरामपूर येथें छापिलें, व १८१० मध्यें कोशही प्रसिद्ध केला. राज्य चालविण्याच्या हेतूनें लाविलेल्या झाडास असें एक वेगळें फळ आलें.

वसईचा तह

ता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोंकणांत पळाला आणि डिसेंबरांत समुद्रमार्गें इंग्रजांच्या आश्रयास वसई येथें येऊन उतरला. पोर्तुगीजांनीं १५३४ मध्यें घेतलेली व चिमाजीअप्पांनीं १७३९ मध्यें मोठ्या पराक्रमानें जिंकलेली ही जागा. ज्या तटावर मराठ्यांनीं आपलें रक्त सांडलें, त्याच ठिकाणीं चिमाजीअप्पांच्या भावाच्या नातवानें आसरा मागावा, हा काळाचा महिमा म्हणावयाचा. कर्नल बॅरी क्लोज यानें कंपनीच्या वतीनें तह ठरविला. सहा हजारांहून कमी नाहीं इतकें इंग्रजी पायदळ पेशव्याच्या राज्यांत कायमचें राहावें, त्याच्या खर्चासाठीं सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यावा, आणि इतर सत्तांशीं कंपनीच्या संमतीवांचून व्यवहार करूं नये, या त्यांतील मुख्य अटी होत.

१३ मे १८०३ रोजीं बाजीराव पुन्हां पुण्याच्या गादीवर बसला, पण बसविणारा आर्थर वेलस्ली होता. शिंदे व भोसले यांना हा तह सहन होणें शक्य नव्हतें. युद्ध पेटलें. ऑगस्टांत अहमदनगर पडलें. २३ सप्टेंबर रोजीं असई येथें भयंकर संग्राम झाला. आर्थरचे पंधराशेंहून अधिक लोक त्यांत मेले वा जखमी झाले, आणि मराठ्यांच्या तोफखान्याची शर्थ पाहून शत्रूनेंही तोंडांत बोट घातलें. पुढें नोव्हेंबरांत अडगांव व डिसेंबरांत गाविलगड. वर्ष संपण्यापूर्वींच भोसल्यांनीं देवगांवास व शिंद्यांनीं सुर्जी अंजनगांवास तह केले. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली. परंतु तिचा पाया ढासळला तो वसईसच, असें इतिहासकार मानतात आणि तें यथार्थ आहे.

होळकराशीं मात्र डाव उलटला. १८०४ मध्यें कर्नल मॉन्सनच्या फौजेस दाणादाण होऊन पळावें लागलें, भरतपुरचा किल्ला हातीं येईना, आणि खर्चानें कंपनीचें कंबरडें मोडलें. १८०५ मध्यें वेलस्लीस परत बोलाविण्यांत आलें. विलायतेंत त्याच्यावर आरोप ठेवून चौकशी व्हावी अशी मागणी झाली. १८०८ मध्यें कॉमन्स सभेनें बहुमतानें त्याच्या वर्तनास मान्यता दिली, तेव्हां कोठें तें प्रकरण मिटलें.

कॅथलिकांचा प्रश्न

आतां चित्राची दुसरी बाजू पाहूं. १८०१ पासून आयर्लंडचें स्वतंत्र पार्लमेंट नाहींसें होऊन तें इंग्लंडच्या पार्लमेंटांत विलीन झालें. या जोडणीच्या बदल्यांत कॅथलिकांस पार्लमेंटांत बसण्याची मोकळीक मिळेल, अशी आशा पिटनें त्यांना लाविली होती. परंतु राज्याभिषेकाची शपथ मोडेल असें म्हणून राजा तिसरा जॉर्ज यानें ती गोष्ट नाकारिली. पिटनें राजीनामा दिला, पण आयरिश लोक फसले ते फसलेच.

वेलस्ली १८०९ मध्यें स्पेनमध्यें राजदूत व त्याच वर्षाच्या शेवटीं परराष्ट्रमंत्री झाला. मुख्य प्रधान पर्सिव्हल हा कॅथलिकांचा कट्टर विरोधक. त्याच्याशीं वेलस्लीचें जमेना, आणि १८१२ च्या आरंभीं त्यानें मंत्रिपद सोडिलें. पर्सिव्हलचा खून झाल्यानंतर मंत्रिमंडळ बनविण्याचा प्रयत्न त्यानें केला, पण तो फसला. त्याच वर्षीं १ जुलै रोजीं त्यानें उमरावसभेपुढें कॅथलिकांच्या मागण्यांचा विचार करण्याचा ठराव मांडिला. बाजूनें १२५ मतें, विरुद्ध १२६. केवळ एका मतानें ठराव पडला! त्या एका मताच्या अभावीं लाखों लोकांस आणखी सतरा वर्षें वाट पाहावी लागली.

डिसेंबर १८२१ मध्यें त्याची आयर्लंडचा राजप्रतिनिधि म्हणून नेमणूक झाली. आपल्याच भूमींत जन्मलेला आणि आपली बाजू घेणारा पुरुष डब्लिनच्या किल्ल्यांत येतो आहे, हें पाहून कॅथलिक जनतेस आनंद झाला. आल्याबरोबर त्यानें कॅथलिकांचा द्वेष्टा सॉरिन यास सरकारी वकिलाच्या मोठ्या जागेवरून दूर केलें व तेथें कॅथलिकांचा पुरस्कर्ता प्लंकेट यास नेमिलें. डब्लिनच्या एका चौकांत तिसऱ्या विल्यमचा पुतळा होता. कॅथलिकांच्या पराभवाची आठवण म्हणून ऑरेंज पक्षाचे लोक दरवर्षीं त्यास सजवून मिरवीत. तो प्रकार त्यानें १८२२ मध्यें बंद पाडिला. याचा सूड म्हणून ता. १४ डिसेंबर रोजीं नाटकगृहांत त्याच्या बैठकीच्या दिशेनें एक बाटली फेंकण्यांत आली. आरोपींवर खटला झाला, परंतु पंचमंडळ त्यांच्याच पक्षाकडे झुकलेलें असल्यामुळें कोणासही शिक्षा झाली नाहीं. राजाच्या प्रतिनिधीलाही जेथें न्याय मिळत नाहीं, तेथें गरीब कॅथलिक शेतकऱ्याची काय कथा, हें त्या दिवशीं सर्वांच्या ध्यानांत आलें.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वेलस्लीची सहानुभूति उमरावाची होती. हक्क वरून द्यावे हें त्यास मान्य. लोकांनीं संघटित होऊन ते मागावे, हें त्यास रुचत नसे. १८२३ मध्यें डॅनियल ओ’कॉनेल यानें कॅथलिक असोसिएशन स्थापन केली व पुढल्या वर्षीं महिना एक पेनी वर्गणी सुरू केली. रविवारीं देवळाच्या दारांत ही वर्गणी गोळा होई. धर्मगुरु तिला मदत करीत. मजूर व कुळें आपली पेनी आणून टाकीत. अशा रीतीनें प्रत्येक पॅरिश ही त्या चळवळीची एक शाखाच झाली. परंतु वेलस्लीच्या सरकारनें ओ’कॉनेलवर खटला भरण्याचा प्रयत्न केला, आणि १८२५ मध्यें ती संस्था बंद करणारा कायदाही झाला. त्याच वर्षीं मुक्तीचें बिल कॉमन्स सभेंत मंजूर होऊन उमरावसभेंत पडलें.

कॅथलिक पत्नी

त्याच वर्षाच्या २९ ऑक्टोबर रोजीं राजप्रतिनिधीच्या निवासस्थानीं एक विवाह झाला, त्यानें इंग्लंडच्या दरबारांत मोठी खळबळ उडाली. पासष्ट वर्षांच्या वेलस्लीनें मॅरियन पॅटर्सन या अमेरिकन विधवेशीं लग्न केलें, आणि ती कॅथलिक होती. ज्या देशांत कॅथलिकास पार्लमेंटांत बसण्याची मनाई, त्या देशाच्या राजप्रतिनिधीच्या घरची मालकीण कॅथलिक! विवाह सरकारी पंथाच्या व कॅथलिक अशा दोन्ही विधींनीं लागला.

या बाईचें कुळ आपल्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. तिचा आजा चार्ल्स कॅरल. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांत हा एकटाच कॅथलिक होता, आणि सर्वांच्या मागें, १८३२ पर्यंत, जगलाही तोच. त्याचा आजा आयर्लंडांतून मेरीलंड वसाहतींत गेला. तेथेंही कॅथलिकांस मताचा व अधिकाराचा हक्क पुढें नाकारण्यांत आला होता. अमेरिकेचे पहिले कॅथलिक बिशप जॉन कॅरल हे याच कुळांतले. म्हणजे ज्या आयरिश कॅथलिकांस देश सोडावा लागला त्यांची वंशज, राजप्रतिनिधीची पत्नी म्हणून, डब्लिनास परत आली. दैवाची आणखी एक गंमत अशी कीं, तिच्या पहिल्या पतीची बहीण ही नेपोलियनचा धाकटा भाऊ जेरोम याची पत्नी होती; आणि तिचा नवा दीर म्हणजे वॉटर्लूवर नेपोलियनचा पराभव करणारा आर्थर! ड्यूक आर्थर यास हा विवाह पसंत नव्हता. परंतु मॅरियन आपल्या धर्मास धरून राहिली आणि पतीच्या वृद्धपणीं तिनें त्यास उत्तम साथ दिली.

दोघे बंधु

जानेवारी १८२८ मध्यें आर्थर मुख्य प्रधान झाला. तो कॅथलिकांच्या मुक्तीस प्रतिकूल, म्हणून रिचर्डनें डब्लिनची जागा सोडिली. जून महिन्यांत उमरावसभेंत या प्रश्नावर दोघे सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहिले. एक हक्क द्यावे म्हणून बोलला, दुसरा देऊं नये म्हणून. ठराव पडला. पण निकाल उमरावसभेंत लागावयाचा नव्हताच.

पुढच्याच महिन्यांत क्लेअर परगण्याची निवडणूक आली. कॅथलिक निवडून आला तरी त्यास बसतां येत नव्हतें. पण उमेदवार होण्यास बंदी नव्हती. ओ’कॉनेल उभा राहिला. जमीनदाराची जमीन कसणारीं कुळें धर्मगुरूंबरोबर गांवोगांवांहून चालत एनिस शहरीं आलीं आणि धन्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या इच्छेविरुद्ध मत देऊन गेलीं. ओ’कॉनेल यास २०५७ मतें, प्रतिपक्षी मंत्र्यास ९८२. आर्थर हा सेनापति होता. पुढें देशांत यादवी होणार हें त्यानें ओळखिलें. त्यानें आपलें मत बदलिलें, राजाचें मन वळविलें, इतकेंच नव्हे तर या प्रश्नापायीं निंदा करणाऱ्या लॉर्ड विंचिल्सीशीं मार्च १८२९ मध्यें पिस्तुलांचें द्वंद्वही खेळला. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. एप्रिलांत उमरावसभेनें बिलाच्या दुसऱ्या वाचनास १०५ मतांच्या आधिक्यानें मान्यता दिली. ता. १३ एप्रिल १८२९, पवित्र आठवड्याचा सोमवार, त्या दिवशीं राजाची संमति मिळाली. पास्काच्या सणास आयर्लंडचे कॅथलिक मोकळ्या मनानें देवळांत गेले.

या विजयाचें मोलही द्यावें लागलें. त्याच वेळीं आयर्लंडांत मताच्या हक्कासाठीं लागणारी जमिनीची किंमत चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यांत आली. ज्या गरीब कुळांनीं ओ’कॉनेलला निवडून दिलें, त्यांचेंच मत गेलें. हक्क मिळाले ते प्रथम वरच्या लोकांस. ज्यांच्या पेनीनें ते मिळविले, त्यांना पुन्हां थांबावें लागलें.

अखेर

१८३३–३४ मध्यें वेलस्ली पुन्हां एकदां आयर्लंडचा राजप्रतिनिधि झाला. कर्जानें त्याची पाठ कधीं सोडिली नाहीं. १८३७ मध्यें कंपनीनेंच त्यास वीस हजार पौंडांची देणगी दिली. ता. २६ सप्टेंबर १८४२ रोजीं वयाच्या ८३ व्या वर्षीं लंडन येथें तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें ईटनच्या शाळेच्या देवळांत त्यास मूठमाती देण्यांत आली. मार्क्विस ही पदवी त्याच्याबरोबर संपली आणि अर्लपद भाऊ विल्यमकडे गेलें. मॅरियन १८५३ मध्यें निवर्तली. ज्या मुलांस वारसा नाकारला गेला, त्यांतील जेराल्ड इंदूरास होळकरांच्या दरबारीं कंपनीचा रेसिडेंट होता. कन्या ॲन हिचा वंश पुढें खुद्द राजघराण्यास मिळाला. २०२२ मध्यें इंग्लंडच्या गादीवर आलेले राजे तिसरे चार्ल्स हे आपल्या आजीच्या कुळाकडून तिचेच वंशज होत. कॅथलिक व्यक्तीशीं विवाह केल्यास राजगादीचा हक्क गमवावा लागे, ती अट २०१३ च्या कायद्यानें, म्हणजे वेलस्लीच्या विवाहानंतर जवळजवळ दोन शतकांनीं, रद्द ठरविण्यांत आली. डांगनच्या वाड्याच्या मात्र आज पडक्या भिंती उरल्या आहेत.

वाचकहो, या चरित्राचा हिशेब कसा मांडावा? आपण मराठी आहोंत, म्हणून वसईचा तह आपणांस विसरतां येणार नाहीं. आपण कॅथलिक आहोंत, म्हणून १८१२ चा तो ठरावही विसरतां येणार नाहीं. एकाची वजाबाकी दुसऱ्यांतून करूं नये. दोन्ही रकमा आपापल्या जागीं लिहून ठेवाव्या. शेजारच्या कॅथलिकाच्या गळ्यांतील फांस वेलस्लीस दिसला, कारण तो त्याच्या दाराशीं होता. पुण्याच्या वा नागपूरच्या माणसाच्या गळ्यांत आपण स्वतः दोर घालीत आहोंत, हें त्यास दिसलें नाहीं. आपल्या धर्माचा कैवार घेणारा मनुष्य म्हणून त्याची अन्यायाचीं कृत्यें झांकणें हें जसें खोटें, तसेंच आपल्या देशाचा वैरी म्हणून त्याचें सत्कृत्य नाकारणें हेंही खोटें. सत्य बोलण्याची आज्ञा आपणांस आहे, आणि ती इतिहासासही लागू आहे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. वेलस्लीजवळ पदवी होती, वक्तृत्व होतें, राजाच्या दरबारीं वजन होतें. तरी १८१२ मध्यें तो एका मतानें हरला, आणि राजप्रतिनिधि असतांना बाटली फेंकणारास शिक्षाही करवूं शकला नाहीं. जें उमरावास साधलें नाहीं, तें रविवारीं देवळाच्या दारांत पेनी टाकणाऱ्या कुळांनीं व त्यांच्या धर्मगुरूंनीं साधिलें. थोरांची कृपा चांगली. पण ती येते आणि जाते. पॅरिशनें एकमेकांचा हात धरून उभें राहणें हें टिकतें. आपल्या पूर्वजांनीं पै पै जमवून बांधिलेल्या या मंदिराच्या ज्युबिलीस आयर्लंडच्या त्या अनाम पेनी देणारांचेंही स्मरण आपण करावें, आणि त्यांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो, अशी त्या परमदयाळु पित्याच्या चरणीं प्रार्थना करावी.